दूध तुमचं, कोड भाऊजींचा

पत्र

ताई, नमस्कार. मी भूम तालुक्यातली आहे. आमच्या सहा गायी आहेत, त्यातल्या चार कायम दुधात असतात. आमचे हे पुण्यात गाडी चालवतात, दीड-दोन महिन्यांनी येतात. गायींचं सगळं मीच बघते. पहाटे चारला उठून शेण काढायचं, धारा काढायच्या, सेंटरवर दूध घालून यायचं, संध्याकाळी परत तेच. रोजचं सरासरी ३२ लिटर दूध जातं. सेंटरवरचा कोड, म्हणजे ज्या नंबरावर दूध आणि बिल लागतं तो, मात्र धाकट्या दिरांच्या नावावर आहे. माझ्या आधारवर माहेरचं नाव होतं आणि पासबुकावर सासरचं, म्हणून तेव्हा तात्पुरता त्यांचा दिला, तो तसाच राहिला. दर दहा दिवसांचं बिल त्यांच्या खात्यावर येतं, ते मला रोख देतात. त्यात कधी रुपया कमी केला नाही, खोटं कशाला बोलू.

गायीच्या दुधावरचं २०२४ चं सरकारचं अनुदान शेजारणीला आलं, मला आलं नाही. सेंटरवाला म्हणाला, वरूनच आलं नाही. मागच्या महिन्यात सासूबाईंच्या औषधाचे पैसे काढायला भाऊजींनी पासबुक दिलं, मी ते भरून आणलं, तर त्यात दोन वेळा मिळून १२,६५० रुपये अनुदानाचे जमा झालेले दिसले. माझ्या हिशेबाने जुलै ते सप्टेंबरचे १४,७२० व्हायला पाहिजेत. जुलैचे पहिले बारा दिवस दूध खव्याच्या भट्टीवर घातलं होतं, पण दूध ते दूधच ना? ऑक्टोबर-नोव्हेंबरचं तर काहीच नाही. पोळ्यानंतर आम्ही दोन आटलेल्या गायी विकून बाजारातून दोन दुधाच्या आणल्या, दूध उलट वाढलंच.

भाऊजींना विचारलं नाही. वाडा एक आहे, चूल वेगळी आहे. कडबा त्यांच्या रानातला येतो. विचारावं तर भांडण, न विचारावं तर झोप येत नाही. आणि आता हे म्हणतात, कर्ज काढून अजून दोन गायी घेऊ, अनुदान परत सुरू झालं की हप्ते फिटतील. काय करू?

उत्तर

ताई, आधी हिशेबाचं बोलू. भाऊजींसमोर बसाल तेव्हा तुमच्या हातात बरोबर आकडा असला पाहिजे, आणि तुमच्या १४,७२० मध्ये एक चूक आहे.

जुलै ते सप्टेंबर ९२ दिवस. रोज ३२ लिटर, लिटरला ५ रुपये, असे तुम्ही १४,७२० काढलेत. गुणाकार बरोबर आहे. पण भट्टीवर गेलेले ते बारा दिवस त्यातून वजा करावे लागतात. अनुदान गायीने दिलेल्या दुधावर नव्हतं. सहकारी संघाने किंवा खासगी डेअरीने घेतलेल्या, आणि त्यांनी सरकारच्या संगणकावर नोंद केलेल्या दुधावर ते होतं. बारा दिवस वगळले की ८० दिवस राहतात, त्याचे १२,८०० होतात. जमा झाले १२,६५०, म्हणजे २,५३० लिटरचे. फरक ३० लिटरचा, तुमच्या एका दिवसाच्या दुधापेक्षाही कमी. एखाद्या दिवशी दूध नासलं म्हणून परत आलं असेल, एखाद्या सणाला घरी ठेवलं असेल. त्यामुळे या तीन महिन्यांबद्दल सेंटरवाल्यावर संशय ठेवू नका. त्याने तुमचं दूध कमी दाखवलेलं नाही.

भट्टीबद्दल मात्र तुमचा प्रश्न योग्य आहे. भूम-परंड्याकडच्या माणसाला 'भट्टीवर घालू नका' असं सांगणं सोपं नाही. कुंथलगिरीचा पेढा ज्या खव्यावर उभा आहे, तो तुमच्याच भागातल्या भट्ट्यांवर निघतो. गायीच्या साधारण पाच लिटर दुधाचा किलोभर खवा होतो, भट्टीवाला ओळखीचा असतो, पैसे हातात देतो. डेअरीने भाव पाडला की दूध भट्टीकडे वळणारच. एवढ्या जुन्या धंद्याचा विचार न करता योजना आखली गेली, हे मला चूकच वाटतं. म्हशीच्या दुधालाही यात काही नव्हतं. पण पुढे कधी अशी योजना आली तर एवढं पक्कं लक्षात ठेवा की भट्टीवर गेलेला एकही लिटर मोजला जाणार नाही. त्या दिवशीचा भट्टीचा भाव आणि डेअरीचा भाव अधिक अनुदान, दोन्ही शेजारी लिहा आणि मग किटली कुठे न्यायची ते ठरवा.

आता ऑक्टोबर-नोव्हेंबर. इथे तुमचं खरं नुकसान झालंय, आणि ते तुम्हाला वाटतं त्याहून मोठं आहे. जुलैपासूनचा ठराव असा होता की ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) दुधाला डेअरीने ३० रुपये द्यायचे, सरकारने ५ द्यायचे, शेतकऱ्याला ३५ पडायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सरकारने ५ चे ७ केले. गावोगाव 'दोन रुपये वाढले' असं झालं. पण त्याच वेळी डेअरीने द्यायचा दर ३० वरून २८ वर आला. बेरीज ३५ च राहिली. ज्यांना अनुदान मिळालं त्यांचं काही बिघडलं नाही. ज्यांचं अडकलं, त्यांच्या बिलातूनच लिटरमागे दोन रुपये गेले आणि वरचे सातही आले नाहीत. तुमच्या त्या दोन महिन्यांच्या दुधाचं, ६१ दिवसांचं, ३२ लिटरप्रमाणे अनुदान १३,६६४ रुपये होतं. दूध वाढलं म्हणता, म्हणजे त्याहून थोडं जास्तच.

ते का अडकलं याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे, पोळ्यानंतरच्या त्या दोन गायींत. या योजनेत शेतकऱ्याचं आधार आणि गायीच्या कानातला बिल्ला एकमेकांना जोडलेला असावा लागायचा. आपल्याकडे लोक त्या पिवळ्या बिल्ल्याला 'गायीचं आधार कार्ड' म्हणतात, ते खरंच तसं आहे. बारा आकडी नंबर, आणि त्या नंबरापुढे 'भारत पशुधन' या सरकारी नोंदीत मालकाचं नाव. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे, त्यामुळे तुम्ही आणलेल्या गायींच्या कानात बिल्ले नक्की असतील. पण बाजारात दावं हातात आलं म्हणजे त्या नोंदीतलं नाव बदलत नाही. ते पशुवैद्यकीय दवाखान्यातून बदलून घ्यावं लागतं. माझा अंदाज असा की विकलेल्या दोन गायी अजून तुमच्या घरच्या नावावर आहेत आणि ज्यांच्या धारा तुम्ही काढता त्या दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर आहेत.

मी बारा वर्षं एका दूध संघात संकलनाचं काम केलं. नोंदी न जुळण्याची कारणं बहुतेक वेळा अशीच साधी असतात. एका गावात एका म्हाताऱ्या बाबांचा अर्ज तीनदा परत आला होता. गोठ्यात जाऊन पाहिलं तर गायीने कान खुंट्याला घासून बिल्ला पाडलेला, डॉक्टरांनी नवा मारलेला, आणि वहीत अजून जुनाच नंबर. बाबा प्रत्येक वेळी तोच जुना नंबर पाठ म्हणून दाखवत होते. उद्या सकाळी धार काढताना सहाही गायींच्या कानाचा मोबाइलवर फोटो घ्या. बिल्ल्यावर शेण-माती असेल तर ओल्या फडक्याने पुसा, ३ आणि ८ मध्ये फार गफलत होते. ते फोटो घेऊन दवाखान्यात जा आणि सहाही नंबर कोणाच्या नावावर दिसतात ते विचारा. बाजारातली पावती जपून ठेवली असेल तर बरोबर न्या. ज्यांच्याकडून गायी आणल्या त्यांचा फोन नंबरही बरोबर असू द्या, नाव फिरवताना लागू शकतो.

त्यानंतर सेंटरवर जाऊन जुलै ते नोव्हेंबर २०२४ ची दर दहा दिवसांची बिलं छापून मागा. रोजच्या पावत्या तुम्ही डब्यात ठेवल्या असतील तरी त्यांवर विसंबू नका. तो चकचकीत कागद चार-सहा महिन्यांत पांढरा पडतो, चुलीजवळ ठेवला तर त्याआधीच. यापुढे पावती हातात पडली की तिथेच फोटो काढायची सवय लावा. बिलं मिळाली की जिल्हा दुग्धव्यवसाय विकास अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज करा. अर्जात रडगाणं नको, रागही नको. कोड नंबर, कालावधी, लिटर, आणि एकच प्रश्न: या कोडवरच्या ऑक्टोबर व नोव्हेंबर २०२४ च्या दुधाची माहिती डेअरीने आपल्याकडे पाठवली का, पाठवली असल्यास ती कोणत्या कारणाने नामंजूर झाली. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका. कोड भाऊजींचा आहे, त्यामुळे सही त्यांची लागेल. त्यांच्याशी बोलणं टाळता येणार नाही याचं हेही एक कारण आहे.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात हाच प्रश्न विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसला लोकशाही दिन असतो, तिथेही तक्रार घेऊन जाता येतं. 'हजार रुपये द्या, मी मुंबईहून करून आणतो' असं म्हणणारा कोणीतरी तुम्हाला भेटेलच. त्याला एक रुपया देऊ नका, आणि फोनवर आलेला ओटीपी तर सख्ख्या भावालाही सांगू नका. ते १३,६६४ मिळतीलच असं वचन मी देत नाही. पण 'वरून आलं नाही' हे सेंटरवाल्याचं उत्तर एकदा खोटं ठरलंय, पैसे आलेले होते. यापुढे तोंडी उत्तर घेऊ नका.

आता भाऊजी.

दर दहा दिवसांचं बिल त्यांनी कधी रुपयानेही कमी दिलं नाही, असं तुम्ही स्वतः लिहिलंय. त्या एका वाक्यामुळे मला वाटतं की बोलणं शक्य आहे. दूध बिलाचा मेसेज दर दहा दिवसांनी येतो, तो ओळखीचा असतो. अनुदानाची रक्कम थेट सरकारकडून येते. पासबुकात तिच्यापुढे इंग्रजी अक्षरांची अशी काही ओळ असते की बँकेतल्या माणसालाही चष्मा लावावा लागतो. पीक विमा, शेतकऱ्यांचे सहा हजार, सगळं त्याच खात्यात येत असेल तर हे कशाचे पैसे हे त्यांना कळलंच नसेल, हे अगदी शक्य आहे. कळलं असूनही गप्प बसले असतील, हेही शक्य आहे. तुम्ही पहिलं धरून बोलायला सुरुवात करा. चोरी पकडली अशा सुरात पहिलं वाक्य गेलं तर दुसरं वाक्य कोणी ऐकणार नाही, आणि पासबुक औषधासाठी दिलं होतं, हिशेब बघायला नाही, हा मुद्दा लगेच निघेल.

नवऱ्याला फोन करून 'तुम्हीच बोला' असं करू नका. दोन भावांत फोनवर पैशाचं बोलणं झालं की ते कडब्यापासून वाटणीपर्यंत जातं, आणि पुण्याहून बोलणाऱ्याला गोठ्यातलं काही माहीत नसतं. त्यांच्या कानावर आधी घाला, पण बोला तुम्हीच. दुपारी जेवणं झाल्यावर, सासूबाई घरात असताना. हातात बिलं आणि लिहिलेला हिशेब घेऊन. मी असं म्हटलं असतं: "भाऊजी, अनुदानाचं मी सेंटरवर विचारून आले. जुलै ते सप्टेंबरचं १२,६५० आपल्या कोडवर आलंय, पुढच्या दोन महिन्यांचं अडकलंय. त्याच्या अर्जावर तुमची सही लागते. आणि आता माझे कागद मी नीट करून घेतेय, तर कोड माझ्या नावावर करून घेऊ." या चार वाक्यांत कुठेही आरोप नाही, पण आकडा त्यांच्यासमोर आलाय. पैसे कुठे आहेत हे पुढे त्यांनी सांगायचं.

खर्च झाले असतील तर एकदम मागू नका. आणि कडब्याचा हिशेब तुम्हीच काढा, त्यांच्या तोंडून येऊ देऊ नका. वर्षाला किती पेंढ्या येतात, बाजारभावाने त्याचे किती होतात, त्या बदल्यात त्यांच्याकडे दूध, शेणखत किती जातं, हे सगळं कागदावर मांडा. कदाचित असं दिसेल की १२,६५० पैकी बराच भाग कडब्याचाच होतो. तसं असेल तर ते मोकळ्या मनाने मान्य करा. कदाचित उलट दिसेल. एकत्र वाड्यात राहणाऱ्या माणसांनी आपसात हिशेब लिहिणं म्हणजे नातं तोडणं, असं आपल्याकडे मानतात. मी अनेक घरं बघितली आहेत, आणि मोडलेल्या घरांत बहुतेक वेळा न लिहिलेलाच हिशेब होता.

एका गोष्टीवर मात्र तडजोड करू नका, ती म्हणजे कोड. गेलेल्या पैशांवर दोन पावलं मागे या, कोडवर येऊ नका.

हे मी एवढ्या जोर देऊन का सांगते, त्याचं कारण घरातलं आहे. आमच्या मायने कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात एकोणीस वर्षं दूध घातलं. पावसाळ्यात डोक्यावर पोतं, एका हातात किटली, दुसऱ्या हातात काठी, ओढ्याला पाणी असलं तर मैलभर वळसा. वहीवर नाव वडिलांचं. वडील गेले तेव्हा एका दहा दिवसांचं बिल यायचं राहिलं होतं, चार हजारांच्या आसपास. ते घ्यायला गेली तर बँकेने तिला वारसाचा कागद मागितला. ती म्हणाली, "अहो, दूध मी घातलंय." काउंटरवरच्या माणसाने वहीवर बोट ठेवलं, नाव वाचून दाखवलं. वाईट माणूस नव्हता तो, वहीत होतं तेच त्याने वाचलं. माय घरी आली आणि संध्याकाळच्या धारा काढायला बसली. त्या दिवशी ती काही बोलली नाही. ते चार हजार मिळायला सात महिने लागले.

नंतर मी कामावर असताना तेच पुन्हा पुन्हा पाहिलं. २०१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांत बाया महिनोन् महिने जनावरांजवळ राहिल्या, तिथेच भाकरी थापल्या, रजिस्टरला नावं घरातल्या पुरुषांची. २०२२ ला लंपी आली, दुभती गाय दगावली तर सरकारने ३०,००० रुपये दिले, ते ज्याच्या नावावर गाय त्याच्या खात्यात. गाय मेली म्हणून रडली ती, पैसे आले दुसऱ्याच्या नावावर. प्रत्येक वेळी पैसा आला, सरकारने दिला, आणि तो नाव शोधत गेला. राबणाऱ्या हातांची नोंद कुठल्याच संगणकात नसते.

म्हणून तीन ठिकाणी तुमचं नाव लागलं पाहिजे: गायीच्या बिल्ल्यापुढे, सेंटरच्या कोडपुढे आणि खात्यावर. यासाठी सात-बारा लागत नाही, जमीन कोणाच्या नावावर आहे याचा काही संबंध नाही. सुरुवात आधारपासून करा. विवाह नोंदणीचा दाखला घेऊन आधार केंद्रावर नाव बदलून घ्या, दाखला नसेल तर ग्रामपंचायतीत विचारा. मग बँकेत जाऊन दोन वेगळ्या गोष्टी विचारा, कारण इथे फार जणी फसतात. आधार खात्याला जोडलेलं असणं वेगळं, आणि सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत यासाठी ते डीबीटीला लावलेलं असणं वेगळं. एका आधारला एका वेळी एकच खातं डीबीटीला लागतं, आणि शेवटी ज्या बँकेत तुम्ही संमती दिली ती बँक धरली जाते. सिमकार्ड घेताना अंगठा लावला आणि त्याच कंपनीचं छोटं खातं उघडलं गेलं, मग सगळे सरकारी पैसे तिकडे जाऊन पडले, असं कितीतरी बायांचं झालंय. 'माझं डीबीटी कुठल्या खात्याला लागलंय' असं स्पष्ट शब्दांत विचारा, हवं तर आधारच्या वेबसाइटवरही ते दिसतं, ई-सेवा केंद्रावाला काढून देईल.

राहिला प्रश्न कर्जाचा. तुमच्या घरच्यांचा हेतू चांगला आहे, लांब राहून त्यांनाही घराची काळजी वाटते. पण अनुदानाच्या भरवशावर गाय घेऊ नका. अगदी स्पष्ट सांगते, नको.

हे अनुदान कधी येतं ते बघा. २०१८ मध्ये भाव कोसळले, जुलैत आंदोलन पेटलं, रस्त्यावर दूध ओतलं गेलं, तेव्हा लिटरला ५ रुपये जाहीर झाले. २०२३ च्या जुलैत सरकारने ३४ रुपये किमान दर ठरवला, चार-पाच महिन्यांत डेअऱ्यांनी तो २५-२७ वर आणला, तेव्हा ११ जानेवारी ते १० मार्च २०२४ अनुदान आलं. उन्हाळा कोरडा गेला, मग पुन्हा जुलै ते नोव्हेंबर. दर वेळी कारण जवळपास तेच, दूध भुकटी आणि बटरचा बाजार पडलेला. म्हणजे अनुदान सुरू झालं याचा अर्थ भाव आधीच पडलाय. चांगल्या दिवसांत ते नसतं, वाईट दिवसांत थोडं खालून टेकू देतं, तोही काही महिने उशिरा. उसाला एफआरपीचा, म्हणजे किमान दराचा, कायदा आहे, दुधाला तसं काही नाही. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या त्याच तारखेला येतो, त्याला भुकटीच्या बाजाराशी देणंघेणं नाही.

दुसरं, या धंद्यात खर्चातला साठ-सत्तर टक्के भाग चारा आणि पेंडीचा असतो. तुम्हाला कडबा भाऊजींच्या रानातून येतो, तोही सहा गायींपुरता. आठ झाल्या तर दोघींचा चारा विकत, आणि मराठवाड्यात मृगाने ओढ दिली की कडब्याचा भाव काय होतो ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय पहाटे चारला उठणारी माणसं वाढणार नाहीत, ती एकच आहे. तुमच्या पत्रात झोपेचा उल्लेख एकदाच आहे, पण मी तो वाचलाय.

दोन गायी वाढवण्यापेक्षा आहेत त्या चौघींचं दूध आणि फॅट सुधारा. पशुपालकांसाठी किसान क्रेडिट कार्ड मिळतं, २ लाखांपर्यंत, वेळेवर फेडलं तर ४ टक्के व्याज पडतं. ते पेंड, चारा, औषधपाण्यासाठी खेळतं भांडवल म्हणून वापरायचं असतं. जमीन नसणाऱ्यालाही मिळतं, पण गायी तुमच्या नावावर दाखवाव्या लागतील, तेव्हा बिल्ल्याचं काम आधी. त्यातून मका स्वस्त असताना मुरघास (हवाबंद साठवलेला हिरवा चारा) भरून ठेवला तर मार्च ते जूनची कडब्याची ओढ कमी होईल, आणि भाऊजींच्या रानावरचा भारही. 'अनुदान एक रुपयाही येणार नाही आणि भाव २५ वर गेला' असं धरून वर्षभराचा जमाखर्च लिहा. त्यातही चार पैसे उरत असतील तर पुढच्या वर्षी घरची कालवड वाढवा. विकतच घ्यायची असेल तर बाजारातच दवाखान्याच्या माणसाकडून नाव फिरवून घेतल्याशिवाय दावं हातात घेऊ नका.

आजच्या आज सगळं होणार नाही. या आठवड्यात कानांचे फोटो आणि दवाखाना, पुढच्या आठवड्यात आधार केंद्र. भाऊजींशी बोलणं या दोन्हींच्या मध्ये करा, कागद हातात असताना. कोड बदलून झाला की पहिल्या दहा दिवसांचं बिल छापून घ्या आणि त्याचा फोटो मला पाठवा. वरच्या ओळीत कोणाचं नाव आलंय ते मला बघायचंय.